निळी फाइल आणि दोन वर्षांची डिग्री

आमच्या घरात, म्हणजे साउथहॅम्प्टनच्या घरात, निळ्या रेक्झिनची एक फाइल आहे. ती कपाटात स्वेटरांच्या खाली असते. पासपोर्ट वेगळ्या ड्रॉवरमध्ये, घराचे कागद आणखी कुठेतरी. ही फाइल फक्त शिक्षणाची. माझी दहावी-बारावीची मार्कशीटं, मिरजेला केलेलं एमबीबीएस, मग एमडी, मग ह्या देशात आल्यावर दिलेल्या परीक्षांची सर्टिफिकेटं, आणि मागे बायकोची बीएस्सी, बीएड. सगळं लॅमिनेट केलेलं. फाइल उघडली की प्लॅस्टिक कडकड वाजतं आणि सगळ्या घराला कळतं की मी ती काढली आहे.

लॅमिनेशनचं हे वेड माझ्या वडिलांचं. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट वाळवीनं खाल्लं आणि नेमकं बढतीच्या वेळी साहेबानं तेच मागितलं. दुसरी प्रत मिळेपर्यंत वर्ष गेलं आणि जागाही गेली. माझी दहावीची मार्कशीट हातात आली त्याच दिवशी ते मला सायकलवर डबलसीट बसवून सांगलीतल्या एका झेरॉक्सवाल्याकडे घेऊन गेले. मशीनमधून ती कडक, चकचकीत होऊन बाहेर आली. वडिलांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "आता हिला काही होत नाही." ते मला कधी शाबास म्हणाल्याचं आठवत नाही. मार्कशीट लॅमिनेट करणं हीच त्यांची शाबासकी होती, आणि मला ती पुरायची.

ती सवय मी इथवर आणली. बायको शनिवारी मराठी शाळा चालवते. मुळाक्षरांच्या कार्डांसाठी आम्ही एक लॅमिनेटर घेतला, तेव्हा ती म्हणाली, "कार्डांचं निमित्त आहे हो, मशीन तुम्हालाच हवं होतं." खरं होतं ते.

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसं झोपवायची आणि वेळेवर उठवायची, हे माझं काम. घरी मात्र माझा आवाज चढायला वेळ लागत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे माझं वागणं काही फार चांगलं दिसणार नाही.

आम्हाला एकच मुलगी. जन्म इथलाच, त्यामुळे तिच्या मराठीत बऱ्याच गोष्टी पुल्लिंगी असतात. तिनं डॉक्टर व्हायचं हे घरात कुणी ठरवलं नव्हतं, कारण ठरवायची गरजच वाटली नव्हती. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांची मुलं एक तर डॉक्टर होती नाहीतर व्हायच्या मार्गावर. तिला मेडिकलमध्ये रस आहे का, असं मी तिला एकदाही विचारलं नाही. तिला कशात रस आहे ते खरं तर समोर दिसत होतं. पंधरा वर्षांची असताना तिनं आईचं शिलाई मशीन पूर्ण खोललं, डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर एकेक भाग क्रमानं मांडला, आणि परत जोडलं. त्यानंतर ते मशीन पहिल्यापेक्षा कमी आवाज करायला लागलं. मी तेव्हा विचारलं, "केमिस्ट्रीचा अभ्यास झाला का?"

ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल लागला. फिजिक्समध्ये बी, मॅथ्समध्ये सी, केमिस्ट्रीत डी. मेडिकलचा प्रश्नच मिटला. मी त्याच दुपारी पुन्हा परीक्षेला बसवणाऱ्या दोन ट्यूटरांना फोन केले आणि संध्याकाळी जेवताना योजना मांडली: एक वर्ष घरी, तिन्ही विषय पुन्हा, मग बघू. मुलीनं पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मी ऑलरेडी अप्लाय केलंय. ब्रिस्टलला. फाउंडेशन डिग्री, एअरोस्पेस मॅन्युफॅक्चरिंगमध्ये. त्यांनी आज हो म्हटलं."

मी विचारलं, हे काय असतं. तिनं सांगितलं. दोन वर्षांचा कोर्स. तीन दिवस कॉलेज, दोन दिवस विमानांच्या पंखांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम. दोन वर्षांनी फाउंडेशन डिग्री मिळते, ती पूर्ण डिग्रीच्या अलीकडची. ती घेऊन नोकरीला लागता येतं. नाहीतर मेरिट मिळालं तर युनिव्हर्सिटीत थेट शेवटच्या वर्षाला प्रवेश घेता येतो, त्याला टॉप-अप म्हणतात, आणि वर्षभरात इंजिनिअरिंगची पूर्ण ऑनर्स डिग्री हातात.

"म्हणजे डिप्लोमा," मी म्हणालो.

"डिप्लोमा नाहीये, बाबा. लेव्हल फाइव्ह आहे. फुल डिग्री सिक्स असते."

"आमच्याकडे ह्याला डिप्लोमाच म्हणतात."

हे मी कुठल्या सुरात म्हणालो ते मला चांगलं आठवतं. आमच्या लहानपणी डिप्लोमाला जाणारी मुलं म्हणजे ज्यांचं बारावीचं जमलं नाही अशी, असं आम्ही सरळ समजायचो. सांगलीतली ती समजूत मी अर्ध्या जगापलीकडे, तीस वर्षं, नीट जपून ठेवली होती. बायकोनं माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "जेवा आता." सप्टेंबरात मुलगी ब्रिस्टलला गेली.

त्याच सप्टेंबरात बेसिंगस्टोकच्या हॉलमध्ये आमच्या लोकांचा गणपती होता. आसपासच्या गावांतली मराठी कुटुंबं तिथे जमतात. निम्मे आयटीतले, निम्मे आमच्यासारखे हॉस्पिटलातले. आरती झाल्यावर माझा जुना मित्र, हाडांचा सर्जन, प्लेट घेऊन शेजारी आला. त्याचा मुलगा त्याच वर्षी मेडिकलला लागला होता.

"काय रे, मुलगी कुठे मग?"

"ब्रिस्टलला. इंजिनिअरिंग," मी म्हणालो आणि लगेच विचारलं, "मोदक कुणी केलेत रे, छान झालेत."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पण मुलगी माझ्या मागेच उभी होती. वीकेंडला ती आमच्यासाठी आली होती. ती पुढे झाली आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "फाउंडेशन डिग्री करते मी, काका. टू इयर्स. मग टॉप-अप करणार. वीकमधले दोन दिवस फॅक्टरीत असते." मित्र "अरे वा, अरे वा" म्हणाला, आणि माझ्याकडे त्यानं जे पाहिलं ते मला झोंबलं. परतीच्या रस्त्यावर मी गाडीत रेडिओवर बातम्या लावल्या. मुलगी मागच्या सीटवर आईला ड्रिलच्या बिटांबद्दल सांगत होती.

पहिलं वर्ष असंच गेलं. ती महिन्या-दीड महिन्यानं यायची. हाताला मेटलचा वास असायचा, कितीही धुतले तरी. मी विचारायचो, "काय चाललंय कॉलेज?" ती म्हणायची, "मस्त." माझ्या प्रश्नातच उत्तराला फारशी जागा नसायची, हे आता कळतं.

दुसऱ्या वर्षी ईस्टरला ती घरी होती. सकाळी किचनमध्ये तिनं स्वतः पोहे केले आणि खाता खाता आईला एक हकिगत सांगायला लागली. मी वर्तमानपत्रामागे होतो.

कंपनीत ती एका पॅनेलला भोकं पाडत होती. शेकडो भोकं, प्रत्येकाचं माप ठरलेलं. एका भोकात ड्रिल किंचित हललं. भोक मोठं झालं, किती, तर डोळ्यांना दिसणार नाही इतकं. वरून रिव्हेटचा खिळा बसला असता, पॅनेल पुढे गेलं असतं, कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय, रेड टॅग."

तिच्या कारखान्यात अशी पद्धत आहे. एखादा भाग चुकला, की ज्याच्या हातून चुकला त्यानंच त्याला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर काय चुकलं ते लिहायचं आणि सही करायची. कुणाचा दोष, का झालं, असलं रामायण लिहायचं नाही. मग तो भाग वेगळ्या जाळीच्या कपाटात जातो. तपासणारा येतो आणि तीनपैकी एक निर्णय लिहितो: दुरुस्त करा, फेकून द्या, किंवा आहे तसं वापरा. खाली त्याची सही. दोन सह्या झाल्याशिवाय तो भाग कुणी हलवत नाही.

"आणि तुझ्या पॅनेलचं काय झालं?" हे मी विचारलं. वर्तमानपत्र कधी खाली आलं ते मला कळलं नाही.

"फेकून दिला, बाबा. तीन आठवड्यांचा काम होता."

"तुला कुणी काही बोललं?"

"नाही. सुपरवायझरनी नवीन शीट दिली. म्हणाले, चहा पिऊन ये, मग सुरू कर."

ती पोहे खात राहिली. मी उठून बागेत गेलो. काम काही नव्हतं तिथे.

ऑपरेशन थिएटरमध्ये आमच्याकडेही चूक कळवायचे फॉर्म असतात. ते भरताना मोठमोठ्या माणसांचे हात कसे जड होतात ते मी पाहिलं आहे. माझाही झाला होता. फार वर्षांपूर्वी एका औषधाचा डोस मी चुकलो. पेशंटला काही झालं नाही, मी वेळेत सावरलं. पण तो फॉर्म भरायला मी चार दिवस घेतले, आणि त्या चार दिवसांत तो न भरण्याची जितकी कारणं माणसाला सुचू शकतात तितकी मला सुचली. माझ्या वीस वर्षांच्या मुलीनं तीन आठवड्यांचं काम स्वतःच्या हातानं लाल चिठ्ठी बांधून कपाटात ठेवलं होतं, आणि ते सांगताना पोह्यांत लिंबू कमी पडलंय का ह्याची तिला जास्त काळजी होती. मला तिचा अभिमान वाटला. नुसता बाप म्हणून वाटतो तसा नाही. एखाद्या सहकाऱ्याचा वाटावा तसा. आत जाऊन हे तिला सांगायला हवं होतं. मी आत गेलो आणि म्हणालो, "गाडीचे टायर बघून घेतो तुझ्या."

उन्हाळ्यात निकाल आला. मेरिट. ऑगस्टमध्ये सर्टिफिकेट आणि त्याच्यासोबत मार्कांचं ट्रान्सक्रिप्ट पोस्टानं घरी आलं, जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात. तिनं फोनवर सांगितलं, "आई, तू उघड." बायकोनं उघडलं, फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलं, दोघी हसल्या. मग बायको मराठी शाळेच्या तयारीला लागली आणि ते दोन कागद टेबलावर राहिले.

मी एकटाच होतो तेव्हा ते हातात घेतले. जाड, दाणेदार कागद. तिचं पूर्ण नाव, मधे माझं नाव. ट्रान्सक्रिप्टच्या खाली उठावाचा शिक्का, बोटाला लागणारा. एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचा ओलावा येईल की काय असं वाटलं म्हणून मी कप दूर सरकवला. मग लॅमिनेटर काढला. तो गरम व्हायला पाच मिनिटं लागतात. मी उभा राहिलो. दोन्ही कागद सरळ, एकही बुडबुडा न येता बाहेर आले. ते मी निळ्या फाइलमध्ये ठेवले. कुठे ठेवायचे ह्याचा थोडा विचार केला, आणि माझ्या एमडीच्या मागे ठेवले. ह्याबद्दल मी कुणालाही काही बोललो नाही.

पुढचं सगळं सप्टेंबरातलं. टॉप-अपला प्रवेश मिळाला होता. कंपनीनंही लिहून दिलं होतं की ऑनर्स डिग्री झाली की डिझाइन विभागात इंजिनिअर म्हणून घेऊ, तोवर ह्या वर्षीही दोन दिवस कामाला ये. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या: ह्या वर्षी प्रवेश हुकला तर कंपनीतली जागाही दुसऱ्याला जाणार. शनिवारी गणपतीला ती घरी आली, रविवारी जाताना फाइलमधून सर्टिफिकेट आणि ट्रान्सक्रिप्ट घेऊन गेली. सोमवारी युनिव्हर्सिटीत मूळ कागद दाखवून नाव नोंदवायचं होतं.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज शांत होता. "बाबा, त्यांनी नाही घेतला. लॅमिनेटेड चालत नाही. शिक्का खरा आहे का ते हात लावून चेक करतात, प्लॅस्टिकमुळे होत नाही. शुक्रवारी बारा वाजेपर्यंत ओरिजिनल पाहिजे."

"नवीन मागव."

"डिग्री कॉलेजनी नाही देत, दुसऱ्या युनिव्हर्सिटीनी देतात, कॉलेज फक्त शिकवतो. त्यांच्या वेबसाइटवर लिहिलंय, नवीन कॉपीला वीस दिवस."

मी काय काय बोललो ते लिहायला लाज वाटते. त्या काउंटरवरच्या बाईबद्दल बोललो, ह्या देशातल्या नियमांबद्दल बोललो, माझ्या सगळ्या डिग्र्या लॅमिनेट केलेल्या असूनही मी इथे हजारो माणसं झोपवली हे सांगितलं. ती ऐकून घेत होती. बोलता बोलता मध्येच मला वडील आठवले. कागद खराब झाला म्हणून त्यांची जागा गेली होती. कागद खराब होऊ नये म्हणून मी माझ्या मुलीची घालवत होतो.

मंगळवारी माझी सुट्टी असते. सकाळी सॉल्सबरी, बाथ करत दोन तासांत ब्रिस्टलला पोचलो. मागच्या सीटवर बायकोची इस्त्री, बटर पेपर आणि एक धारदार कटर होता. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की मंद इस्त्री फिरवली की प्लॅस्टिक सुटतं. कॉलेजच्या पार्किंगमध्ये मुलगी गाडीत येऊन बसली. तिनं मागे पाहिलं, इस्त्री पाहिली.

"नाही, बाबा."

"अगं, हळूच काढू. कुणाला कळणार नाही."

"तेच तर," ती म्हणाली. "खराब झालेला पार्ट आपण स्वतः नाही रिपेअर करायचा. आधी सांगायचं. मी त्यांना काल सांगितलं, घरी लॅमिनेट झाला, मी चेक करायला पाहिजे होता. आता कॉलेजला सांगायचं. तुम्ही यायचं तर या, पण ओरडायचं नाही."

मी इस्त्री तिथेच ठेवून तिच्या मागे निघालो. दोन वर्षांत मी त्या कॉलेजात पहिल्यांदा पाय ठेवत होतो.

ऑफिसात जायला वर्कशॉपमधून जावं लागतं. एका लांब शेडमध्ये विमानाच्या पंखाचा एक खरा तुकडा आडवा ठेवलेला, त्याच्याभोवती सेफ्टी गॉगल घातलेली मुलं-मुली. जाताना तिला तिघाचौघांनी हाक मारली. एका मुलीनं काहीतरी विचारलं, तर ही वाकली, पॅनेलच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, इथे अजून घासावं लागेल. बोटानंच तिला कळलं होतं. नाडी बघताना माझंही असंच होतं. आकडा मशीन सांगतं, पण बोटाला आधी कळतं. मी तिथे गॉगल न घालता उभा होतो म्हणून एका माणसानं मला पिवळ्या रेषेच्या बाहेर जायला सांगितलं. मी गेलो.

तो माणूस तिचा शिक्षक निघाला. साठीचा, हात रापलेले, आधी आयुष्यभर विमानांच्या हँगरमध्ये काम केलेला. मी कोण ते कळल्यावर त्यानं हात पुसून हस्तांदोलन केलं. म्हणाला, तुमच्या मुलीला मी नवीन मुलांच्या बॅचला मदतीला बोलावतो. ड्रिलिंग बरेच जण शिकतात, चूक झाल्यावर कसं उभं राहायचं ते हिच्याकडून शिकतात. मी "थँक्यू" म्हणालो. ते ऐकून जसं वाटलं, तसं माझ्या स्वतःच्या कुठल्याही परीक्षेच्या निकालानं मला वाटलं नव्हतं.

ऑफिसात तिनं दोन मिनिटांत सगळं सांगितलं: काय झालं, आता काय स्थिती आहे, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत काय लागेल. कोणी केलं हे सांगितलं नाही. मी तिच्या मागच्या खुर्चीवर दोषी माणसासारखा बसलो होतो. ऑफिसातल्या बाईंनी फोन लावले. कागद नवीन मिळणार नव्हता, पण डिग्री देणाऱ्या युनिव्हर्सिटीनं तिचा निकाल थेट टॉप-अपच्या युनिव्हर्सिटीला अधिकृतपणे कळवला तर तो चालेल, असं दोन्हीकडून वदवून घेतलं. फक्त ज्या माणसाची सही लागते तो गुरुवारी येणार होता. वेळेत होईल का, हे बाईही सांगू शकल्या नाहीत.

पार्किंगमध्ये मी तिला सॉरी म्हणालो. मराठीत आपण आपल्या मुलांना काय म्हणतो अशा वेळी, मला ठाऊक नाही. ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा. चहा पिऊन घ्या, मग ड्राइव्ह करा."

गुरुवारी मला सकाळपासून ऑपरेशनांची लिस्ट होती. दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात मी फोन पाहायचो. कोणतीही प्रार्थना मी शेवटपर्यंत म्हणत नाही, त्या दिवशी अथर्वशीर्ष निदान अर्ध्यापर्यंत गेलं. चारच्या सुमाराला तिचा फोन आला. "झालं. नाव एंटर केलं त्यांनी. कार्डपण दिला."

मी थिएटरबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलो. काळजी मिटली तसा तोच जुना स्वभाव वर आला, आणि मी विचारलं, "पण काय गं, रविवारी फाइलमधून काढलंस तेव्हा तुला प्लॅस्टिक दिसलं नाही?"

"दिसला."

"आणि तुला नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता. ईमेलमध्ये होता, लॅमिनेटेड नको. मी दोनदा वाचला होता. पण फाइल उघडली, आणि माझा सर्टिफिकेट तुमच्या एमडीच्या मागे होता. मग मी विसरले. बाबा, मी घरी आले की प्रत्येक वेळी ती फाइल बघायचे. दोन वर्षं. माझा काहीच नव्हता त्यात."

आतून कुणीतरी पुढचा पेशंट आल्याचं सांगितलं. मी "हो, आलो" म्हणालो, इंग्रजीत म्हणायचं ते मराठीत. मुलीला म्हणालो, "तुझं ते पॅनेलचं, ईस्टरला सांगितलेलं. मला फार आवडलं होतं ते. तेव्हाच सांगायचं होतं." ती म्हणाली, "ओके." मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि मी फोन ठेवला.

ह्या उन्हाळ्यात तिची ऑनर्स डिग्री झाली. ती आता त्याच कंपनीत डिझाइनला आहे. बेसिंगस्टोकच्या मित्रानं यंदा गणपतीत विचारलं तेव्हा मी त्याला फाउंडेशन डिग्री काय असते, टॉप-अप कसं असतं, लाल चिठ्ठी कशी बांधतात, हे सगळं वीस मिनिटं समजावलं. त्याचा मोदक हातात तसाच राहिला होता. तो म्हणाला, "बरं बरं, कळलं रे." मी तरी त्याला सोडलं नाही.

नवीन सर्टिफिकेट आलं ते तिनं पुठ्ठ्याच्या पाकिटातच ठेवलं आणि स्वतः फाइलमध्ये ठेवून गेली. ती गेल्यावर मी फाइल काढली. नवीन पाकीट शेवटी होतं. माझ्या एमडीच्या मागे जुनं, लॅमिनेट केलेलं, दोन वर्षांचं सर्टिफिकेट परत आलं होतं. त्याच्या कोपऱ्याला भोक पाडून दोऱ्यानं एक लाल चिठ्ठी बांधली होती, कारखान्यातली खरी. काय चुकलं: प्लॅस्टिक. निर्णय: आहे तसं वापरा. खाली तिची सही होती. तपासणाऱ्याची जागा रिकामी होती.

मी बायकोकडून पेन मागून घेतलं, तिथे सही केली, आणि फाइल पुन्हा स्वेटरांखाली ठेवून दिली.